राख की माती? सिन्नरकडच्या एका विहिरीचं प्रकरण

सिन्नर तालुक्यातली ही विहीर ३५ फुटांवर गेली आणि काम थांबलं. वरचे काही फूट माती आणि मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग जिलेटिनचे तोटे भरल्याशिवाय हलणार नाही असा काळा पाषाण, आणि त्याच्या पोटाखाली एकाएकी तांबडाभडक थर. पहारीची गरज नाही, नखाने उकरला जाईल इतका मऊ. यारीच्या बादलीतून तो मलबा वर आला तसे कामावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. ठेकेदाराने दोन खडे बोटांत चुरडले आणि निकाल दिला, "ही राख आहे. इथं खाली ज्वालामुखीचं तोंड आहे."

ठेकेदार कसलेला माणूस. विहिरी खणण्यात त्याची उमर गेली. तांबड्या थरात विहिरीची भिंत सुटते हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि भीतीचा तेवढा भाग खराच होता. बाकीची गोष्ट त्याने त्यावर रचली होती: राख आहे म्हणजे तोंड आहे, तोंड आहे म्हणजे पोकळी आहे, पोकळी लागली तर यारीसकट सगळे आत. विहिरीच्या मालकांना गावात आप्पा म्हणतात. कांदा आणि डाळिंब दोन्ही या पाण्याच्या भरवशावर. त्यांचा पुतण्या नाशिकला आमच्याकडे भूशास्त्र शिकून गेलेला. त्याचा फोन आला, "सर, एकदा येऊन बघा. तुम्ही सांगितल्याशिवाय आप्पा खाली माणूस उतरवायचे नाहीत."

आप्पांना दोनच गोष्टी हव्या होत्या: हे काय निघालं, आणि पुढे खणायचं की नाही. दोन्हींची उत्तरं एकाच जागी होती. राख असेल तर इथला ज्वालामुखी एका तऱ्हेने फुटला, माती असेल तर अगदी दुसऱ्या तऱ्हेने. आणि तो कसा फुटला यावरच तांबड्याच्या खाली काय लागणार हे ठरत होतं.

तांबड्या थराचे तीन दावेदार

खाली उतरण्याआधी बांधावर बसून शक्यता मांडल्या.

पहिली, ठेकेदाराची: दूरवरच्या मोठ्या स्फोटाची राख इथे येऊन पडली. हे अशक्य नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर स्फोटांच्या खुणा मुळीच नाहीत असं कुणी समजू नये. मुंबईच्या परिसरात ज्वालामुखीच्या राखेचे आणि तुकड्यांचे खडक आहेत, गोराई-मनोरीकडे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडापेक्षा, म्हणजे बेसाल्टपेक्षा, कितीतरी चिकट शिलारसातून (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून) झालेले खडक आहेत. गुजरातेत पावागडच्या माथ्यावर ऱ्हायोलाइट आहे, तोही अशाच चिकट रसाचा खडक. तेव्हा 'आपल्याकडे राख नसतेच' असं म्हणून ठेकेदाराला गप्प करणं बरोबर झालं नसतं.

दुसरी: स्फोट नव्हे, कारंजं. पातळ लाव्हासुद्धा भेगेतून उसळतो तेव्हा उंच उडतो. हवाई बेटावर १९५९ मध्ये किलाउएआ इकीच्या उद्रेकात लाव्हाचं कारंजं ५५० मीटरच्याही वर गेलं होतं. असे उडालेले थेंब हवेत गार होऊन जाळीदार खडे बनतात, भेगेच्या आजूबाजूला त्यांचा ढीग साचतो, आणि तापलेल्या खड्यांतलं लोह हवेतल्या ऑक्सिजनने तांबडं होतं. हा दावा खरा ठरला तर ठेकेदाराचं 'तोंड जवळ आहे' हे म्हणणं निम्मं तरी खरं ठरणार होतं. असे खडे भेगेपासून फार लांब जात नाहीत.

तिसरी: लाव्हाचा एक थर वाहून गार झाला, उघडा पडला, ऊनपावसाने त्याचा माथा कुजून माती झाली, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली विश्रांती.

दख्खनच्या तांबड्या थरांत तिसरा प्रकार बराच आढळतो, पण काही थर राखेतूनही झालेले आहेत. त्यामुळे रंग बघून निकाल देता येत नाही. भिंत बघावी लागते.

वायूला वाट मिळते की नाही

इतक्यात काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं ते सगळ्यात नेमकं होतं, "एक डोंगर आकाशात उडतो आन् दुसरा नुसता वाहतो, असं का?"

शाळेत ज्वालामुखींची वाटणी जागृत, निद्रिस्त आणि मृत अशी शिकवतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. उत्तर वायूत आहे. जमिनीखाली खोलवर शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. वरच्या खडकाचं ओझं त्यांना दाबून ठेवतं. शिलारस वर सरकतो तसं ओझं हलकं होतं आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटा व्हायला लागतो. इथपर्यंत जगातले सगळे ज्वालामुखी सारखेच. पुढे बुडबुडा रसातून निसटून जाऊ शकला, तर रस भेगेतून बाहेर येतो आणि वाहतो. अडकला, तर तो फुगत जातो, शेजारच्या बुडबुड्याला भिडतो, आणि रसाचा साधारण तीन चतुर्थांश भाग बुडबुड्यांनीच भरला की मधले पातळ पडदे फाटतात. त्या क्षणी द्रव उरत नाही. गरम वायूत उधळलेली काचेची पूड उरते. तिलाच आपण ज्वालामुखीची राख म्हणतो. त्यात जळून उरलेलं असं काही नसतं.

"म्हणजे आमटी नुसती खदखदते आणि पिठलं फदफदून अंगावर उडतं, तसं," काकू म्हणाल्या. अगदी तसं. शिवाय आमटी उतू गेली तर लांबवर पसरते, पिठलं कढईतून उतरत नाही, हेही ज्वालामुखीला लागू पडतं.

रस पातळ की घट्ट हे ठरतं मुख्यतः त्यातल्या सिलिकावर, म्हणजे वाळूत असतो त्या घटकावर, आणि तापमानावर. सिलिकाचे घटक एकमेकांत गुंतून साखळ्या करतात. सिलिका जास्त तितका रस चिकट. बेसाल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. ऱ्हायोलाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या वर आणि तापमान ७०० ते ८५० अंश. दोघांच्या चिकटपणात लाखो पटींचा फरक पडतो.

पण नुसता चिकटपणा पुरेसा नाही, आत वायूही भरपूर लागतो. समुद्रतळाचा कवच-पट्टा दुसऱ्या पट्ट्याखाली सरकतो तिथे तो सोबत पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या खडकात शिरून त्याचा वितळणबिंदू खाली आणतं आणि तयार होणाऱ्या शिलारसात वायू म्हणून भरून राहतं. फिलिपीन्स, इंडोनेशिया, जपान, अँडीज इथले धोकादायक ज्वालामुखी याच पट्ट्यांवरचे. फिलिपीन्सचा पिनातुबो १५ जून १९९१ रोजी फुटला तेव्हा सुमारे १० घन किलोमीटर राखखडे बाहेर पडले आणि दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात उंच गेला. पुढच्या वर्षात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. क्राकातोआ १८८३ मध्ये फुटला त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला आणि ३६ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक समुद्राच्या लाटांनी.

आपलं अंदमानातलं बॅरन बेटही अशाच पट्ट्यावर आहे. पण तिथला रस बऱ्यापैकी पातळ, बेसाल्टच्या जातीचा. त्यामुळे १९९१ मध्ये तो दीर्घकाळाने पुन्हा जागा झाला तरी पिनातुबोसारखं काही झालं नाही. अधूनमधून निखारे आणि राख उडवणं हीच त्याची रीत. आप्पांना भारतात आज जिवंत ज्वालामुखी कुठे हे हवं होतं. हा एवढाच, आणि सिन्नरपासून दोन हजार किलोमीटरहून लांब.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि पाठ्यपुस्तकं ती बहुधा गाळतात. अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स १८ मे १९८० च्या सकाळी फुटला. आत चढलेल्या शिलारसाने डोंगराची उत्तरेकडची बाजू आधीच फुगली होती. ती बाजू भूकंपाच्या धक्क्याने घसरली, रसावरचं ओझं एका झटक्यात गेलं आणि स्फोट आडवा बाहेर पडला. ५७ माणसं गेली, शिखर २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आलं. आणि त्यानंतर १९८६ पर्यंत त्याच विवरात त्याच जातीचा रस सावकाश वर येऊन निमूटपणे घुमट बांधत राहिला. रस तोच. सावकाश आला तेव्हा वायूला भेगांतून झिरपून जायला सवड मिळाली, एवढाच फरक.

शेवटचा मुद्दा बाहेरच्या पाण्याचा. शिलारसाला समुद्र, तळं, भूजल किंवा बर्फ भेटलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती साध्या हवेच्या दाबाला सुमारे १,७०० पट जागा मागते. मग पातळ रससुद्धा स्फोट करतो. २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुत्लने बर्फाखालून बारीक राख उधळली आणि युरोपातली विमानं जमिनीवर बसली. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळचा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, त्याचा स्तंभ ५५ किलोमीटरच्याही वर गेला. किलाउएआ तर सगळ्यांचा आवडता 'शांत' ज्वालामुखी. त्याच्या विवरातलं लाव्हाचं तळं १९२४ मध्ये खाली ओसरलं आणि वाफेच्या स्फोटांनी कित्येक टनांचे धोंडे बाहेर फेकले गेले. म्हणून 'हा शांत ज्वालामुखी, तो स्फोटक' ही कप्पेबंदी मला पटत नाही. कप्पे उद्रेकाचे करावेत, डोंगराचे नव्हे.

या सगळ्यात नाशिक कुठे बसतं? आपला खडक बेसाल्ट, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पातळ रस. वर यायला लांबच लांब भेगा. वायूला वाट मोकळी. तेव्हा अंदाज वाहण्याचाच. पण अंदाजावर विहिरीत माणसं उतरवता येत नाहीत.

भिंतीवर काय दिसलं

बार उडवल्यानंतरचा धूर पूर्ण निघून गेल्यावर यारीच्या बादलीतून पुतण्या आणि मी खाली गेलो. नव्या विहिरीची भिंत म्हणजे आमच्या धंद्यातली चैन. घाटात खडक दिसतो तो शेवाळलेला, काळवंडलेला. इथे कालच फुटलेला ताजा काप.

वरून खाली येताना मुरमाखालचा मांजऱ्या आधी लागला. पूर्ण भोकाभोकांचा. ही भोकं म्हणजेच निसटता निसटता राहिलेले बुडबुडे. वरच्या बाजूला ती बारीक आणि दाट, फूटभर खाली आल्यावर मोठी आणि विरळ. लाव्हाची साय वरून धरत जाते तसतसे बुडबुडे तिच्या खालच्या अंगाला अडकत जातात. वरची साय पटकन धरते म्हणून तिथले बारीक, खालची सावकाश धरते म्हणून तिथल्यांना वाढायला वेळ मिळतो. बहुतेक भोकांत पांढरट गारगोट्या भरलेल्या होत्या, काहींत पंख्यासारख्या उघडणाऱ्या सुया. ही झिओलाइटच्या कुळातली खनिजं, खडक गार झाल्यावर त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने नंतर आणून बसवलेली. नाशिक जिल्ह्यातल्या खाणी आणि विहिरींमधली ही खनिजं जगभरच्या संग्राहकांकडे पोचली आहेत; सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. पुतण्याने एक चांगला खडा खिशात टाकला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मांजऱ्या संपला तिथे काळा पाषाण. भोकं जवळजवळ नाहीत, उभ्या भेगा तेवढ्या. हा लाव्हाचा गाभा. वर साय धरलेली, आत रस वाहताच. तो आत शिरत राहिला तशी साय वर उचलली गेली, आणि आत उशिरापर्यंत द्रव राहिलेल्या रसातले बुडबुडे वर निघून गेले. असं फुगत फुगत पसरणं फक्त पातळ रसाला जमतं. सायीच्या आत ऊब टिकते, म्हणून तो फार लांब जाऊ शकतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा बेसाल्ट दख्खनच्याच लाव्हाने सुमारे हजार किलोमीटर वाहून तिथे नेला असं मानलं जातं.

पाषाणाच्या अगदी तळाशी पुतण्याने टॉर्च धरला आणि थांबला. पेन्सिलीच्या जाडीच्या पांढऱ्या नळ्या, ओळीने उभ्या, सगळ्यांची वरची टोकं पूर्वेकडे वाकलेली. ओलसर जमिनीवरून लाव्हा सरकताना तळाशी अडकलेला वायू वर चढायला बघतो आणि वरचा रस पुढे जात असल्यामुळे त्याची वाट वाकडी होते. त्या नळ्यांत नंतर झिओलाइट भरलं. लाव्हा या ठिकाणी पूर्वेकडे चालला होता, हे त्या वाकलेल्या टोकांवरून कळलं. मला विचाराल तर आख्ख्या विहिरीतली ही सर्वांत मोलाची चार बोटं जागा.

आणि त्याखाली तांबडा.

वरचा सांधा सुरीने कापल्यासारखा स्पष्ट. सांध्यालगतची दोन-तीन बोटं कडक, हातोडीने ठोकली तर खणखणीत वाजणारी. वरून आलेल्या लाव्हाच्या आचेने हा भाग भाजला गेला आहे. मातीतल्या लोहाच्या गंजातलं पाणी उडून तो जास्तच लाल होतो. त्याखाली मऊ. पश्चिमेच्या भिंतीत थर जेमतेम चार बोटांचा, पूर्वेच्या भिंतीत हातभर. राख आकाशातून पडते तेव्हा उंचवट्यावर आणि खळग्यात साधारण सारख्याच जाडीने पसरते. हा थर खळग्यात जाड आणि उंचवट्यावर पातळ होता. मातीचं वागणं असंच.

खालचा सांधा कुठे आहे हे बोट ठेवून सांगताच येईना. मऊ तांबडी माती हळूहळू तांबूस कुजलेल्या दगडात गेली, तो दगड करड्या मांजऱ्यात. आणि त्या मऊ मातीतसुद्धा पांढऱ्या गारगोट्या जागच्या जागी बसलेल्या, मांजऱ्यात असतात तितक्याच अंतरावर. भोवतीचा दगड कुजून माती झाला तरी जुन्या बुडबुड्यांची मांडणी हललेली नव्हती. म्हणजे ही माती कुठून येऊन पडलेली नाही, खालच्याच खडकाची आहे.

जाळीदार खडे, एकमेकांना चिकटलेले लाव्हाचे शिंतोडे, असं कुठेच दिसलं नाही. कारंज्याचा दावा तिथेच संपला.

ठेकेदाराकडे मात्र एक पुरावा शिल्लक होता. पूर्वेच्या खळग्यातून निघालेला एक तुकडा त्याने जपून ठेवला होता, आणि त्यात खरंच बारीक बारीक पदर दिसत होते. "बघा, राखेचे पदर." हा मुद्दा वजनदार होता, कारण राख पदरापदरानेच साचते. तो तुकडा कॉलेजात नेऊन त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. राख असती तर फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे धनुकलीसारखे, टोकदार कोपऱ्यांचे तुकडे दिसायला हवे होते. इतक्या कोटी वर्षांत त्यांची काच टिकत नाही, तिची चिकणमाती होते. पण चांगला जपलेला नमुना असेल तर आकार टिकतो. इथे होते बेसाल्टचे घासून गोल झालेले कण आणि माती. पावसाच्या पाण्याने आजूबाजूची माती त्या खळग्यात वाहून आणली, तिचे पदर. मुख्य तांबड्या थराच्या कापात तर मूळ बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाच्या काड्यांचे ठसे अजून ओळखू येत होते.

निष्कर्ष: माती. खाली एक जुना लाव्हा, त्याचा माथा कुजायला पुरेल इतका काळ शांतता, आणि मग वरचा लाव्हा.

तोंड कुठे?

हे सांगितल्यावर आप्पांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, "मग सर, एवढा लाव्हा आला कुठून? डोंगर तर पाहिजे."

डोंगर नको. नाशिकच्या भोवतीचे डोंगर ज्वालामुखी आहेत असा समज मी दर पावसाळी सहलीत ऐकतो. कुणी ब्रह्मगिरीचं नाव घेतो, कुणी रामशेजचं. ते सगळे एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचे उरलेले तुकडे आहेत. मधला भाग नद्यांनी नेला, हे राहिले. अंजनेरीच्या कड्यावर किंवा पांडवलेण्यांच्या डोंगरावर लांबून नजर टाकली तरी आडवे पट्टे दिसतात. सुळका दिसला की ज्वालामुखी, हा हिशेब इथे चुकतो.

लाव्हा आला तो भेगांतून. भेगेत शेवटी गोठून राहिलेला रस म्हणजे भित्तिका, म्हणजेच डाइक, आणि नाशिक-पुणे पट्ट्यात अशा भित्तिका भरपूर आहेत, वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या. धोडप किल्ल्याची खिंड पडलेली ती कातळभिंत गिरीमित्रांच्या तोंडी डाइक म्हणूनच आहे. प्रत्येक भित्तिका वरपर्यंत लाव्हा पोचवणारी होती असं नाही. काही अर्ध्यातच थांबल्या. पण आप्पांना हवं असलेलं 'तोंड' असलंच तर ते असं, लांब आणि अरुंद, आणि केव्हाच दगडाने बुजलेलं. आत पोकळी नाही.

सगळा रस घाईने वर आला असंही नाही. मुंबईहून येताना कसारा घाटात, जुन्या नावाने थळ घाटात, असे थर आहेत की त्यांत फेल्डस्पारचे बोटाबोटाएवढे पांढरे स्फटिक विखुरलेले दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाढायला शिलारस जमिनीखाली बराच काळ मुक्कामाला असावा लागतो. भूशास्त्रज्ञ अशा थरांचा उपयोग मैलाच्या दगडांसारखा करतात, कारण ते चटकन ओळखू येतात.

काळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या तप्त झोताने हा लाव्हा पुरवला असं बहुतेक अभ्यासक मानतात, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ वारंवार फुटतो आणि तोही बहुधा वाहूनच. आपण त्या झोतावरून सरकत उत्तरेला आलो. त्यामुळे सिन्नरची विहीर कितीही खोल नेली तरी खाली धगधगतं काही लागणार नाही.

वाहणारा उद्रेक म्हणजे निरुपद्रवी उद्रेक, असं मात्र आप्पांनी समजू नये म्हणून लाकीची हकीकत सांगितली. आइसलँडमध्ये १७८३ च्या जूनमध्ये २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा येत राहिला, सुमारे १५ घन किलोमीटर. फार मोठा स्फोट नाही. पण वायूला वाट मोकळी असण्याची दुसरी बाजू हीच की सगळा वायू बाहेर पडतो. गंधकाचे वायू आणि फ्लोरिन गवतावर बसलं, निम्म्याहून जास्त गुरं मेली, आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचा लाव्हा लाकीच्या हजारो पट. त्याच सुमारास मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळला आणि डायनासोर संपले. त्यात आपल्या या 'शांत' लाव्हाचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. काकूंचं मत पडलं, "गुरं मरत्यात म्हंजे शांत कशाचं?" आमच्या परिषदांमध्ये हे इतक्या थोडक्यात कुणी म्हणत नाही.

खणायचं की थांबायचं

आता पैशाचा प्रश्न. राखेचा थर असता तर त्याच्या खाली काय याचा अंदाज बांधणं अवघड होतं. माती ठरल्यावर मात्र खालचं चित्र जवळजवळ हातात आलं: कुजलेल्या माथ्याखाली जुन्या लाव्हाचा मांजऱ्या, आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. तांबडी माती चिकण असल्यामुळे पाणी सहज खाली जाऊ देत नाही. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पाणी तिच्या माथ्यावर अडतं, आणि तिच्या खालच्या भोकाभोकांच्या, भेगाळलेल्या खडकात वेगळं पाणी असण्याची शक्यता राहते. विहिरीत सांध्यापाशी ओल दिसतच होती. पूर्वेच्या भिंतीतून, जिथे थर जाड होता तिथूनच, बारीक पाझर सुटला होता. ३५ फुटांवर थांबलं तर हातात आहे तेवढा पाझर. खाली गेलं तर दुसरी संधी.

म्हणून सल्ला असा दिला. खणावं, पण तांबड्याखालचा मांजऱ्या पार होईपर्यंतच. खालचा काळा पाषाण लागला आणि त्यात उभ्या भेगा नसल्या की थांबावं. तिथून पुढे प्रत्येक फूट सुरुंगाचा खर्च आणि पाण्याची आशा कमी. तांबड्या थरात बार उडवू नयेत, हाताने किंवा ब्रेकरने काढावा. आणि तिथली भिंत उघडी ठेवू नये: ती माती ओली झाली की फुगते, सुकली की तडकते आणि सुटते, मग वरच्या पाषाणाला आधार राहत नाही. त्या पट्ट्यात आधी बांधकाम, पाझराला भोकं ठेवून, आणि मगच खाली काम. त्याखाली माणूस उतरवायची घाई तोवर नाही. ठेकेदाराची भिंत सुटण्याची भीती खरी होती हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बांधकामाचा मुद्दा त्याच्याच तोंडून आप्पांच्या गळी उतरवला. नाही तर आप्पा सिमेंटला पैसे काढणारे नव्हेत.

पाणाड्याने नारळ फिरवून ६० फूट सांगितले होते. आप्पांचा त्याच्यावरही विश्वास होता आणि माझ्यावरही, आणि दोघांत त्यांना विसंगती वाटत नव्हती.

तांबड्याखाली कुजका दगड, मग मांजऱ्या लागला. मांजऱ्यात शिरल्यावर दक्षिणेच्या कोपऱ्यातून झरा फुटला, बादल्यांनी उपसून आटेना तेव्हा पंप लावावा लागला. त्याखाली पाषाण आला तो एकसंध, भेग नसलेला. आप्पांनी काम तिथे बंद केलं. ते ६० फुटांच्या बरंच अलीकडे होतं. विहीर डाळिंबाला ठिबकवर पुरेल इतकं पाणी उन्हाळ्यातही देते, कांद्याला मात्र मार्चनंतर ओढाताण होते.

शेजारच्या भाऊबंदांनी मग याच हिशेबाने आपल्या रानात खोदकाम धरलं आणि ३५ फुटांवर तांबडं लागलं नाही म्हणून त्यांचाही फोन आला. लागेलच असं नाही. हे लाव्हा एकसलग चादरीसारखे आलेले नाहीत, लहानमोठ्या जिभांनी एकमेकांच्या कडेने आणि डोक्यावरून आले; एका जिभेची कड संपली की तिच्यावरची मातीही तिथे पातळ होते किंवा नाहीशी होते. त्यांच्या भिंतीत पाषाणाच्या तळच्या नळ्या अजून दिसलेल्या नाहीत, म्हणजे तो लाव्हा अजून संपलेला नाही. त्यांना तूर्त सांगितलंय की मलब्यात पांढऱ्या काड्या निघायला लागल्या की बार थांबवा आणि मला फोन करा.